गच्चीचं पाणी सरळ बोअरमध्ये? नको!

‘पावसाचं पाणी शुद्धच असतं, गच्चीचा पाइप थेट बोअरमध्ये सोडा’ हा सल्ला दर जूनमध्ये सोसायट्यांत फिरतो. ढगातून पडताना पाणी बरंच स्वच्छ असतं हे खरं, पण गच्चीवर आठ महिन्यांची धूळ, पालापाचोळा आणि कबुतरांची विष्ठा साचलेली असते. जमिनीत मुरणाऱ्या पाण्याला माती गाळते. बोअर मात्र ही मातीची गाळणी टाळून थेट खडकात जातो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात तर पाणी भेगांमधून वाहतं, म्हणजे तुमची घाण शेजाऱ्याच्या बोअरलाही पोहोचू शकते. वर गाळ बसून भेगा बुजतात, ते वेगळंच.

पहिला पाऊस बाहेर काढायचाच. 100 चौरस मीटर गच्चीवर 1 मिमी पाऊस म्हणजे 100 लिटर. निदान 200 लिटर तरी सोडून द्या. त्यासाठी उभ्या पाइपला टी (T आकाराचा जोड) लावून खाली 200 लिटरचा घट्ट बंद ड्रम जोडा. तो भरला की पुढचं पाणी आपोआप फिल्टरकडे वळतं. ड्रमच्या तळाशी बारीक भोक हवं. नाहीतर तो भरलेलाच राहतो, पुढच्या सरीची घाण थेट आत जाते. बहुतेक ठिकाणी नेमकं इथेच चुकतं.

फिल्टरमध्ये खाली मोठी खडी, मग बारीक, वर जाळी आणि धुतलेली वाळू. पाणी तुंबू लागलं की वरची दोन इंच वाळू काढून धुवा.

पार्किंगचं पाणी मात्र बोअरकडे वळवूच नका. त्यातलं ऑइल वाळू अडवत नाही.