राष्ट्रपती व उपराष्ट्रपती यांची स्वतंत्र निवडणूक

भारतात राष्ट्रपती व उपराष्ट्रपती ही पदे दोन वेगळ्या निवडणुकांनी भरली जातात. अमेरिकेप्रमाणे उमेदवारांची जोडी उभी राहत नाही. राष्ट्रपतीच्या निवडणुकीची तरतूद संविधानाच्या अनुच्छेद ५४ व ५५ मध्ये, तर उपराष्ट्रपतीची अनुच्छेद ६६ मध्ये आहे. नामनिर्देशन, मतदान इत्यादींचे तपशील १९५२ च्या अधिनियमात व त्याखालील नियमांत येतात.

खरा भेद मतदारांचा आहे. राष्ट्रपतीला संसदेचे व विधानसभांचे (दिल्ली आणि पुदुच्चेरी धरून) निवडून आलेले सदस्य निवडतात. उपराष्ट्रपतीला केवळ संसद सदस्य निवडतात, मात्र त्यांत नामनियुक्तही येतात. विधान परिषदेच्या आमदाराला दोन्हीकडे मत नाही. राष्ट्रपतीचा अधिकार राज्यांपर्यंत पोचतो, तर उपराष्ट्रपतीचे नेहमीचे काम राज्यसभेच्या अध्यक्षस्थानी बसण्याचे, असे या भेदाचे समर्थन डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत केले होते.

मतमूल्य : राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आमदाराच्या मताचे मूल्य काढताना राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागतात व भागाकाराला पुन्हा १,००० ने भागतात. बाकी ५०० किंवा अधिक उरल्यास एक मिळवतात. लोकसंख्या अजून १९७१ च्या जनगणनेचीच धरली जाते. महाराष्ट्राची ५,०४,१२,२३५ आणि आमदार २८८, म्हणून मूल्य १७५ येते. उत्तर प्रदेशात ते २०८, तर सिक्कीममध्ये ७ आहे. सर्व आमदारांच्या मूल्यांची बेरीज निवडून आलेल्या खासदारांत वाटली की खासदाराचे मूल्य मिळते. २०२२ मध्ये ५,४३,२३१ भागिले ७७६ म्हणजे ७०० आले. त्याआधी, २०१७ मध्ये, ते ७०८ होते. जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नसल्याने ही घट झाली. सांगली जिल्ह्यातील आठ आमदारांचे मिळून १,४०० होतात, म्हणजे २०२२ च्या हिशेबाने नेमके दोन खासदार. साताऱ्याचेही आमदार आठच, म्हणून तेथेही हाच आकडा. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र या सोळा जणांचे मूल्य शून्य, आणि खासदार कोणत्याही राज्याचा असो, त्याचे मत एकच धरतात.

दोन्ही निवडणुका ‘एकल संक्रमणीय मताद्वारे प्रमाणशीर प्रतिनिधित्व’ या पद्धतीने होतात असे संविधान म्हणते. जागा एकच असताना प्रमाणशीरपणा कसला, हा आक्षेप जुना आहे व तो बरोबर वाटतो. प्रत्यक्षात ही पसंतीक्रमाची बहुमत पद्धती होय : मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रम देतो आणि कोणालाच बहुमत न मिळाल्यास सर्वांत मागच्या उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे जातात. तिचे मूळ काही अभ्यासक आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानात शोधतात. मतपत्रिकेपुरते हे साम्य मान्य करता येईल, पण तेथे मतदार जनता आहे आणि उपराष्ट्रपती हे पदच नाही. सभागृहाचे अध्यक्षपद सांभाळणारा उपराष्ट्रपती ही कल्पना अमेरिकी सेनेटच्या अधिक जवळची दिसते. राष्ट्रपती थेट प्रौढ मतदानाने निवडावा, ही सदस्य के. टी. शहा यांची सूचना संविधान सभेने फेटाळली. दुसऱ्या पसंतीची मते निर्णायक ठरल्याचे ठळक उदाहरण १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीचे : व्ही. व्ही. गिरी पहिल्या फेरीत ४,०१,५१५ वर होते, कोटा (जिंकण्यासाठी लागणारे किमान मूल्य) ४,१८,१६९ होता आणि शेवटी त्यांना ४,२०,०७७ मूल्याची मते मिळाली.

मूळ अनुच्छेद ६६ नुसार उपराष्ट्रपतीची निवड दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत व्हायची होती. १९५२ व १९५७ मध्ये डॉ. राधाकृष्णन बिनविरोध आल्याने तशी बैठक मतदानासाठी भरलीच नाही आणि १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने ती अट गेली.

पद रिक्त झाल्यास : राष्ट्रपतीचे निधन झाल्यास उपराष्ट्रपती फक्त कार्यभार सांभाळतो, उरलेली मुदत त्याला मिळत नाही, सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर ११ फेब्रुवारी ते २५ जुलै १९७७ या काळात कार्यभार सांभाळणारे बी. डी. जत्ती हे पूर्वी जमखंडी संस्थानचे मुख्यमंत्री होते. सांगली-मिरजेप्रमाणे तेही पटवर्धनांचे संस्थान. नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती झाल्यावर जत्ती पुन्हा उपराष्ट्रपतिपदाच्याच कामाला लागले.

रिक्त जागेवर निवडून आलेल्यालाही पूर्ण पाच वर्षे मिळत असल्याने दोन्ही पदांच्या मुदती जुळतीलच असे नाही. उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी २१ जुलै २०२५ रोजी राजीनामा दिल्यावर ९ सप्टेंबरला सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी निवडून आले. ते त्या वेळी महाराष्ट्राचे राज्यपाल होते.