मोसंबीच्या बुडाशी फुटलेली फांदी: खुंटाचा फुटवा की पानसोट?

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की जळगाव-भुसावळकडच्या परसदारातल्या मोसंबीला बुडाजवळून एखादी फांदी सुसाट वर निघते. सरळसोट, काटेरी, पानं मोठी आणि टवटवीत. बाकीचं झाड उन्हाळ्याने मरगळलेलं असतं, त्यामुळे घरात तिचं कौतुक होतं. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या सुमारास ती कमरेला लागते. मग एक जण म्हणतो, 'राहू दे, झाडानं जोर धरलाय', दुसरा म्हणतो, 'पानसोट आहे, छाट'. बुडाशी वाकून मात्र कुणी बघत नाही, आणि खरा निकाल तिथेच लागतो.

रोपवाटिकेतून आणलेली मोसंबी म्हणजे दोन झाडं एकत्र असतात. खाली मुळांसकट खुंट, आपल्याकडे बहुतेक जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा. त्यावर साधारण वीतभर उंचीवर मोसंबीचा डोळा भरलेला असतो, म्हणजे मोसंबीच्या काडीवरचा कोंब सालीसकट काढून खुंटाच्या सालीत बसवलेला असतो. त्या जोडाच्या खालून निघालेली फांदी खुंटाची, तिला मोसंबी कधीच लागणार नाही. जोडाच्या वरून तशीच जोमदार, उभी फांदी आली तर तो पानसोट. तो मोसंबीचाच असतो, फक्त अन्न ओढतो आणि फळ उशिरा देतो.

दिसायला दोन्ही सारखे, म्हणून घोळ होतो. काट्यांवरून ओळखायला जाऊ नका. जंबेरी काटेरी असतेच, पण मोसंबीचा पानसोटही चांगला बोटभर काटा घेऊन येतो. इंटरनेटवर वाचून काही जण एका देठाला तीन पानं असलेली फांदी शोधतात. ती खूण परदेशातल्या त्रिपर्णी खुंटाची. जंबेरी आणि रंगपूर दोघांचं पान मोसंबीसारखंच एकेरी असतं, त्यामुळे आपल्या परसदारात ती कामाची नाही.

त्यापेक्षा खाली बसा, बुडाची माती हाताने बाजूला करा आणि खोडावरून अंगठा खालून वर फिरवत न्या. एके ठिकाणी कोपरासारखा हलका वाक किंवा फुगीर कडं लागतं, सालीचा पोतही तिथे बदलतो. तोच जोड. फांदी कुठून निघाली ते तिच्या मुळापर्यंत जाऊन बघा, कारण कधीकधी ती जोडाला चिकटूनच येते. अशा वेळी पानं कामाला येतात. मोसंबीच्या पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी अरुंद पंख असतात, जंबेरीचा देठ जवळजवळ साधा. जंबेरीच्या कोवळ्या शेंड्यावर जांभळट झाक असते, मोसंबीचा शेंडा हिरवा. पान चुरगळून वास घेतला तर जंबेरीला सरळ लिंबाचा वास येतो.

एक अपवाद आधीच तपासा. घरचं झाड कागदी लिंबाचं असेल तर ते बऱ्याचदा बियांपासूनच केलेलं असतं, कारण कागदी लिंबाच्या बीमधून निघणारी बरीचशी रोपं आईसारखीच असतात. गुटी बांधून, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून, केलेल्या लिंबालाही जोड नसतो. अशा झाडाच्या बुडातून आलेली फांदी त्याचीच, तिला खुंट समजून उपटू नका.

खुंटाची फूट का येते, याचं उत्तर खानदेशच्या उन्हात आहे. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, पारा 45 अंशांच्या आसपास गेला की उघड्या खोडाची साल भाजते, वरच्या फांद्या शेंड्याकडून वाळतात. वरचा जोर कमी झाला की खालचे झोपलेले डोळे जागे होतात, आणि पाऊस पडताच सुटतात. एक-दोन वर्षं दुर्लक्ष झालं तर खुंट वर जातो, मोसंबी आतल्या आत सुकते आणि एक दिवस झाडाला खरबरीत सालीची आंबट फळं लागतात. रंगपूर असेल तर फसगत मोठी: फळ नारिंगी, साल सैल, अगदी संत्र्यासारखं, आणि चव लिंबाची. 'शेजारी लिंबू होतं म्हणून मोसंबी बिघडली' असं तेव्हा हमखास ऐकू येतं. शेजारच्या परागाने झाडावरच्या फळाचा गर बदलत नाही. बदललं ते झाडच.

खुंटाचा फुटवा बोटाएवढा असतानाच खाली ओढून बुडासकट काढा. कात्रीने छाटला तर उरलेल्या खुट्यातून चार नवे येतात. जखम मोठी झाली तर 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना आणि 1 लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट प्लास्टिकच्या भांड्यात करून लावा. हीच पेस्ट पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला दोन-तीन फूट लावली तर डिंक्यापासूनही, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगापासूनही, बचाव होतो. जोड मातीत गाडू नका आणि पाणी खोडाला चिकटून सोडू नका. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून खोडाभोवती एक छोटं कोरडं आळं आणि त्याबाहेर पाण्याचं दुसरं आळं ठेवावं.

पानसोटाला मात्र इतकं कठोर व्हायचं कारण नाही. एखाद्या बाजूची फांदी वाळून झाड उघडं पडलं असेल तर एक पानसोट राखून त्याचा शेंडा खुडा, त्याला आडव्या फांद्या फुटतील. बाकीचे काढा.

आणि वरची मोसंबी पूर्ण वाळलीच असेल तर झाड उपटू नका, मुळं तयार आहेत. खुंटाचा एकच सरळ फुटवा ठेवा. तो पेन्सिलीएवढा जाड झाला की डिसेंबर-जानेवारीत, साल सहज सुटत असेल तेव्हा, त्यावर डोळा भरा. चार-पाच दिवस आधी भरपूर पाणी दिलं तर साल सुटायला मदत होते. डोळा फळं देणाऱ्या निरोगी झाडाच्या गोल काडीचा घ्या, पानसोटाच्या कोनदार काडीचा नको. पान कापून देठ तेवढा ठेवा, 'टी' आकाराच्या चिरेत डोळा सरकवा आणि डोळा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. दोन-तीन आठवड्यांनी देठाला बोट लावलं आणि तो गळून पडला, डोळा हिरवा दिसला, तर जुळलं. देठ वाळून तिथेच चिकटला असेल तर दुसऱ्या बाजूला नवा डोळा भरा. जुळलेला डोळा फुटायला लागला की खुंटाचा वरचा शेंडा छाटा, आणि नवी फूट हातभर होईपर्यंत खालून येणारा प्रत्येक कोंब आठवड्याला खुडत राहा.