व्यावसायिक ई-मेलचे जतन व न्यायालयीन वापर

वाद न्यायालयात गेल्यास पुरावा म्हणून दाखल करता येतील अशा स्थितीत कामकाजाचे ई-मेल सांभाळणे आणि वेळ येताच त्यांतले नेमके शोधून काढणे, ही कारखान्याच्या दप्तरातली दुर्लक्षित, पण निर्णायक बाजू आहे.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल इथल्या फाउंड्री व मशीनशॉपचा बराचसा व्यवहार मेलवर चालतो: पीओ (खरेदीची ऑर्डर), बदललेले ड्रॉइंग, सॅम्पल पास झाल्याचा होकार, रिजेक्शनची तक्रार. कास्टिंगचा लॉट परत आला की भांडण अनेकदा एकाच प्रश्नावर येऊन थांबते. ड्रॉइंगची कोणती रिव्हिजन कोणाला कधी मिळाली? उत्तर मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक नोंदीत असते. मेल कोणत्या सर्व्हरवरून किती वाजता निघाला, वाटेत कुठे पोचला, त्याचा मेसेज-आयडी (मेलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) काय, हे सगळे तिथे नोंदलेले असते. साध्या प्रिंटमध्ये यातले फारसे काही उतरत नाही. मेल फॉरवर्ड केला तर नव्या प्रतीला फॉरवर्ड करणाऱ्याचे हेडर लागते. त्यामुळे वकिलांना स्क्रीनशॉट पाठवून भागत नाही. मूळ मेल अटॅचमेंटसह ईएमएल फाइल (हेडरसह अख्खा मेल जपणारी .eml फाइल) म्हणून उतरवून घ्यावा आणि मेलबॉक्समधली प्रत तशीच राहू द्यावी.

कायद्याचा रोखही इकडेच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ७नुसार जपलेल्या नोंदीतून तिचा उगम, पोचण्याचे ठिकाण आणि पाठवल्याची वा मिळाल्याची तारीख-वेळ कळली पाहिजे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली प्रतीसोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. एक भाग पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठशासारखा आकडा, द्यायचे. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी हे मूल्य बदलते. व्यापारी न्यायालये कायदा, २०१५खालच्या दाव्यात तर प्रतिवादीला स्वतःच्या विरोधात जाणारी कागदपत्रेही उघड करावी लागतात, त्यामुळे अडचणीचा मेल पुसून टाकणे हा मार्गच नाही.

सर्वाधिक नुकसान होते ते माणूस नोकरी सोडून जातो तेव्हा. गुगल वर्कस्पेसमधले खाते काढून टाकले की ते परत आणायला २० दिवसच मिळतात. डिस्पॅचचा सारा व्यवहार एखाद्या कारकुनाच्या खासगी जीमेलवर असेल, तर मालकाच्या हातात तेवढेही नाही. करारभंगाच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षे आहे आणि कंपनीला हिशेबाची पुस्तके ८ वर्षे ठेवावी लागतात. मेलही ८ वर्षे ठेवणे शहाणपणाचे. नोटीस आली, किंवा येणार असे दिसले, की आपोआप पुसण्याची सोय त्याच दिवशी बंद करावी. २०१९ व २०२१चे पंचगंगेचे पूर पाहता एक प्रत शहराबाहेर असलेली बरी.