राख एप्रिलमध्ये चालते, आषाढात का नाही?

पावसाळा तोंडावर आला की कोंबड्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला हमखास फिरतो: खुराड्यात चुलीतली राख पसरा, किडे दोन दिवसांत साफ. सल्ला देणारा थापा मारत नसतो. त्याने राख टाकलेली असते, किडे कमी झालेलेही असतात. फक्त ते एप्रिलमध्ये, आणि बहुधा देशावर. तीच राख रत्नागिरीत जुलैमध्ये टाकली तर किडे तिच्यावरून निवांत चालत जातात. राख हे विष नाही. ती किड्याला वाळवून मारते, आणि सगळी गोम त्या वाळवण्यात आहे.

आधी किडे कोणते ते पाहू, कारण ‘कोंबडीला किडे झालेत’ या एका वाक्यात निदान तीन वेगळे प्राणी असतात. उवा चोवीस तास कोंबडीच्या अंगावरच राहतात, पिसं आणि कोंडा खातात आणि शेपटीखालच्या पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरट गठ्ठे चिकटवतात. खाली पडल्या तर आठवडाभरात मरतात. लाल माइट या बारीक परजीवी किड्याचं नेमकं उलट. तो दिवसभर कोंबड्या बसतात त्या दांडीच्या सांध्यात, भिंतीच्या भेगेत, डालग्याच्या विणीत दडून बसतो. रात्री कोंबडीवर चढतो आणि तासाभरात रक्त पिऊन परत जातो. लांबी एक मिलीमीटरच्या आत, उपाशी असताना करडा, प्यायल्यावर लाल. तिसरी कोंबडीची गोचीड, आर्गस पर्सिकस. मोठी गोचीड रात्रीच येते, पण तिची पिल्लं पाच-दहा दिवस अंगाला चिकटून असतात. अन्नाशिवाय ती भेगेत वर्षभराहून जास्त तग धरते, आणि कोंबड्यांचा स्पायरोकीटोसिस हा ताप पसरतो तो प्रामुख्याने तिच्यामुळे.

म्हणजे दिवसा कोंबडी उलटीपालटी करून पाहिली तर उवा दिसतील, लाल माइट दिसणार नाही. त्याची खूण वेगळी: संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला कुरकुरतात, झाडावर जाऊन बसतात, तुरा फिका पडतो, अंड्यांवर तांबडे-काळे ठिपके दिसतात. अशा वेळी नजर लागली म्हणून दाराला लिंबू-मिरची बांधली जाते. तुरा रक्त कमी झाल्याने पांढरा पडतो. लिंबाच्या दोऱ्याची गाठ सोडून पाहिली तर तिच्यातही चार माइट सापडायचे. शंका असेल तर खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा वीतभर कापून दांडीच्या खालच्या बाजूला बांधा. दोन दिवसांनी भर दुपारी काढून पांढऱ्या ताटलीवर झटका. ताटलीत मीठ-मिरपूड सांडल्यासारखे ठिपके पडून चालू लागले तर निदान झालं.

आता राखेकडे. लहान प्राण्याची खरी लढाई पाणी टिकवण्याची असते. प्राणी जितका लहान, तितकं त्याच्या आकारमानाच्या मानाने कातडं जास्त. माइट गोल धरला तर पृष्ठभाग भागिले घनफळ हे गुणोत्तर ६ भागिले व्यास इतकं येतं, ०.७ मिलीमीटर व्यासाला ते सुमारे ८.६ प्रति मिलीमीटर. ६५ किलोच्या माणसाचं कातडं साधारण १.८ चौरस मीटर आणि घनफळ ०.०६५ घनमीटर, म्हणजे ०.०२८ प्रति मिलीमीटर. दोन्हींचा भागाकार केला की तीनशेच्या घरात आकडा येतो. तेवढ्याच वजनामागे माइटला आपल्या तीनशे पट कातडं सांभाळावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणाहून पाणी उडून जायला टपलेलं असतं.

ते उडत नाही, कारण कवचाच्या अगदी बाहेरच्या बाजूला मेणाचा एक थर असतो. तो एक मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ विन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९४५ मध्ये या मेणावरचे जे प्रयोग प्रसिद्ध केले ते फार देखणे आहेत. रोडनियस हा रक्त पिणारा कीटक त्यांनी ॲल्युमिनाच्या बारीक भुकटीवर चालू दिला. त्याच्या अंगातलं पाणी भराभर घटलं. मेलेल्या कीटकावर तीच भुकटी नुसती भुरभुरली तर फारसं काही झालं नाही. भुकटी मेण खरवडते ती कीटक स्वतः पोट घासत चालतो तेव्हा. त्याची चालच त्याचा घात करते. त्याहून महत्त्वाचं निरीक्षण पुढे आहे: असा खरवडलेला कीटक दमट हवेत ठेवला तर तो जगतो आणि कवचातून नवं मेण पाझरवून भोकं बुजवतो.

खरवडण्याखेरीज दुसरा मार्ग शोषण्याचा. डायटम मातीसारख्या (सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची माती) सच्छिद्र भुकट्या मेणातला तेलकट भाग टिपून घेतात. राख दोन्ही कामं थोडी थोडी करते.

आता हवेचा हिशेब. किड्याच्या अंगातल्या द्रवालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता जवळजवळ ९९ टक्के असते. पाणी किती वेगाने उडेल हे ही ९९ आणि बाहेरची आर्द्रता यांतल्या फरकावर ठरतं. बाहेर ३० टक्के असेल तर फरक ६९. बाहेर ९० असेल तर ९. मेण तितकंच खरवडलेलं असूनही वेग आठव्या हिश्श्यावर आला. त्यात उन्हाळ्यातल्या तापमानाचा फायदा धरलेलाच नाही. शिवाय दमट हवेत भुकटीची छिद्रं आधीच पाण्याने भरतात, राखेचे गोळे होतात, आणि किड्याला मेण दुरुस्त करायला सवड मिळते. गोचीड तर त्यापुढची: बऱ्याच गोचिडी दमट हवेतली वाफ थेट शोषून तहान भागवतात. तिच्यापुढे राखेचा भरवसा कोरड्या दिवसांतही धरू नये.

म्हणून राख जमिनीवर पसरण्यापेक्षा छपराखाली, कोरड्या खोक्यात द्यावी. दोन फूट लांब-रुंद, फूटभर खोल खोकं. त्यात वीतभर मिश्रण: दोन भाग चाळलेली कोरडी माती किंवा बारीक वाळू, एक भाग लाकडाची राख. प्लास्टिक जाळलेली राख नको. राख भिजली तर बदला, कारण लाकडाच्या राखेतले क्षार पाण्यात मिसळले की पायाची कातडी चरचरते. ढोबळपणे पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये खोक्यात डायटम माती, केओलिन (पांढरी चिकणमाती) आणि गंधक देऊन पाहिलं. लोळणाऱ्या कोंबड्यांवरचे परजीवी तिन्हींनी घटले. गंधकाने मात्र त्याच पिंजऱ्यातल्या न लोळणाऱ्या कोंबड्यांवरचेही कमी झाले. डायटम माती घालताना तोंडाला फडकं बांधा, ती धूळ फुफ्फुसाला वाईट, कोंबडीच्याही.

खोक्याने उवा आटोक्यात राहतात. लाल माइट आणि गोचीड मात्र खुराड्यात राहतात, तेव्हा औषध खुराड्याला. कोंबड्या बाहेर काढा, जुना पेंढा जाळा, दांड्या सोडवून सांध्यांत उकळतं पाणी ओता, भेगा सिमेंटने किंवा घट्ट चुन्याने बुजवा. मग डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक, १.२५ टक्के, लिटरला २ मिलि गोचिडीसाठी, ४ मिलि माइटसाठी. बाटलीवरचं प्रमाण वेगळं असेल तर ते पाळा. फवारा भिंतीच्या मध्यावर न मारता सांध्यांत मारा. पूर्ण वाळेपर्यंत कोंबड्या आत नकोत आणि उरलेलं पाणी ओढ्यात ओतू नका, मासे मरतात. फवारा किड्यांच्या अंड्यांना सहसा मारत नाही. लाल माइटची पिढी उबेत आठवड्याभरात तयार होते, म्हणून पाच-सात दिवसांनी दुसरी फवारणी. ती चुकवली की महिन्याने पुन्हा तेच. दांडीचे पाय जळक्या ऑइलच्या वाटीत ठेवा, आणि दांडी भिंतीला कुठेही टेकू देऊ नका. एक टोक टेकलं तरी वाट्या फुकट. बांबूचं डालगं फवारून पूर्ण साफ होत नाही. ते कडक उन्हात चांगलं तापवावं किंवा बदलावं.

पोटातल्या जंतांना यातलं काहीच लागू नाही. त्यांचं औषध आणि अंडी किती दिवस खायची नाहीत, हे पशुवैद्यकाला विचारा.

खुराड्याचा दुसरा त्रास उंदीर-घुशींचा. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: रात्री उघडं राहिलेलं खाद्य. मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. तेवढंच मोजून घाला, दिवेलागणीला भांडं उचला, साठा पत्र्याच्या डब्यात. नेहमीची षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, उंदराला बाहेर नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा आणि घुशीसाठी ती फूटभर जमिनीत गाडून तळाशी फूटभर बाहेर वळवा. घूस भिंतीलगत उकरते, वळवलेल्या जाळीला थडकते आणि मागे सरून उकरायचं तिला सहसा सुचत नाही.

झिंक फॉस्फाइड हे उंदरांचं विष मोकळ्या कोंबड्यांच्या परसात आणूच नये. पोटातल्या आम्लाशी मिसळून त्याचा फॉस्फिन वायू होतो आणि तो कोंबडीलाही मारतो. ब्रोमाडिओलोन या दुसऱ्या विषाच्या वड्या रक्त गोठण्याचं चक्र अडवतात, उंदीर काही दिवसांनी मरतो आणि मधल्या काळात तो सुस्त उंदीर घुबडाच्या तोंडी जातो. गव्हाणी घुबड अशुभ म्हणून हाकलणाऱ्यांनी त्याच्या ढोलीखाली पडलेल्या, त्याने ओकलेल्या गोळ्यांतली उंदरांची हाडं एकदा मोजावीत.

चाप किंवा पिंजरा बरा, पण उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. सुकट किंवा भाजलेलं खोबरं लावून तीन-चार रात्री चाप न ताणता भिंतीला चिकटून ठेवा; आमिष बिनधास्त खाल्लं जाऊ लागलं की एकाच रात्री सगळे ताणा.

चाप ताणण्याआधी बिळांच्या तोंडाशी पिसवांचं औषध मारा. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात, आणि जवळचं अंग माणसाचं असू शकतं. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगची साथ आली त्याआधी तिथे उंदीर मरून पडू लागले होते आणि पिसवांचा त्रास वाढला होता. सापळ्यात नसलेला, नुसताच मरून पडलेला उंदीर हाताने उचलू नका. एकापाठोपाठ तीन-चार दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा.