विद्यापीठाच्या नेटवर्कवर लॅपटॉप-मोबाइलची नोंदणी: पात्रता, कागदपत्रं आणि मॅक ॲड्रेसची भानगड

प्रवेश झाला, वसतिगृहाची खोली मिळाली, की पुढचा प्रश्न वायफायचा. विद्यापीठाचं नेटवर्क मोबाइलवर दिसतं, पण नुसता पासवर्ड टाकून चालत नाही. आधी लॅपटॉप किंवा फोन तुमच्या नावावर नोंदवावा लागतो. संगणक केंद्रात त्यासाठी अर्ज द्यायचा किंवा विद्यार्थी लॉगिनमधून भरायचा.

पात्रतेबाबत आपल्या खान्देशात हमखास एक गैरसमज होतो. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं कार्यक्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. शहाद्याच्या किंवा चोपड्याच्या महाविद्यालयातल्या मुलाच्या गुणपत्रिकेवरही विद्यापीठाचंच नाव असतं. त्यामुळे 'मी विद्यापीठाचा विद्यार्थी, मला वायफाय का नाही?' असं त्याला वाटतं. पण परिसरातल्या नेटवर्कची नोंदणी सहसा परिसरातल्या विभागांचे विद्यार्थी, संशोधक, प्राध्यापक आणि कर्मचारी यांच्यासाठी असते. संलग्न महाविद्यालयातल्यांनी आपल्या महाविद्यालयातच विचारावं. परिषदेला किंवा कार्यशाळेला आलेल्या पाहुण्यांना तात्पुरतं खातं मिळतं, पण ते आयोजक विभागानं मागायचं असतं.

कागदपत्रं फार नाहीत. ओळखपत्र, ते छापून आलं नसेल तर प्रवेशाची पावती किंवा बोनाफाईड. सोबत पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), विद्यापीठाचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक. वसतिगृहात राहणाऱ्यांनी खोली वाटपाचं पत्र जोडावं. पीएच.डी.वाल्यांच्या अर्जावर बहुधा मार्गदर्शक किंवा विभागप्रमुखांची सही लागते. सर रजेवर जायच्या आत ती घेतलेली बरी. आधारची प्रत मागितलीच, तर मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले ८ अंक झाकलेले असतात आणि ओळख पटवायला तेवढं पुरतं.

यापुढचा रकाना मॅक ॲड्रेसचा, आणि खरा घोळ इथेच होतो. मॅक ॲड्रेस म्हणजे नेटवर्क कार्डाचा १२ खुणांचा क्रमांक, दोन-दोनच्या ६ जोड्यांत लिहिलेला. त्यात ० ते ९ अंक आणि ए ते एफ एवढीच अक्षरं येतात. म्हणजे कुठे 'ओ' दिसला तर तो शून्यच समजायचा. हातानं लिहिताना ८ आणि बी यांची गल्लत होते, तेव्हा जमेल तिथे कॉपी-पेस्ट करा.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग /ऑल' ही आज्ञा इंग्रजीत दिली की यादी येते. त्यात 'फिजिकल ॲड्रेस' दोन-तीन ठिकाणी दिसेल, कारण वायफायचा वेगळा, केबलच्या पोर्टचा वेगळा आणि ब्लूटूथचाही वेगळा. वायफाय वापरणार असाल तर वायफायखालचाच लिहा. खोलीत केबलचा पॉइंट असेल तर दोन्ही नोंदवा. यूएसबीचं वायफाय डोंगल लावत असाल तर त्याचा क्रमांक आणखी निराळा.

फोनचं दुखणं वेगळं. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयफोनवर आयओएस १४ पासून (२०२०) फोन आपला खरा मॅक लपवतो आणि प्रत्येक नेटवर्कला बनावट क्रमांक दाखवतो. बाजारातल्या, स्टेशनवरच्या वायफायसाठी ही सोय उत्तमच. इथे मात्र ती आडवी येते: तुम्ही एक क्रमांक नोंदवता, फोन दुसराच सांगतो, आणि नोंदणी होऊनही नेट चालत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. क्रमांकातली दुसरी खूण २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा बनावट. अँड्रॉइडवर त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी'खाली 'डिव्हाइस मॅक' निवडा. आयफोनवर 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' बंद करा. बदल फक्त विद्यापीठाच्या नेटवर्कपुरता करा, घरचं आहे तसं राहू द्या. विंडोजमध्येही 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' नावाचा पर्याय असतो, तोही तपासा. हे सगळं अर्जाच्या आधी. नंतर केलं तर दुरुस्तीचा अर्ज आणि पुन्हा रांग.

मग हमीपत्र. सगळे न वाचता सही करतात, पण यातलं एक कलम नीट वाचा: नोंदवलेल्या उपकरणावरून जे होईल त्याला तुम्ही जबाबदार. संगणक यंत्रणांचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवण्याचे निर्देश सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये दिले आहेत. त्यामुळे कोणत्या उपकरणावरून कधी काय झालं याची चौकशी निघाली, तर आधी तुमचंच नाव पुढे येतं. रूममेटला 'घे रे, माझ्या आयडीवरून चालव' म्हणणं म्हणूनच महागात पडू शकतं. उलट, दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खोलीत स्वतःचा राउटर लावायलाही सहसा मनाई असते.

एका नावावर किती उपकरणं चालतात ते अर्जावरच दिलेलं असतं. मर्यादा भरली असेल तर जुनं काढल्याशिवाय नवं बसत नाही. लॅपटॉप चोरीला गेला किंवा विकला, तर त्याच दिवशी नोंद रद्द करायचा अर्ज द्या. सेकंडहँड घेतला असेल तर आधीच्या मालकानं नोंद काढली का, ते विचारा. तोच मॅक दुसऱ्याच्या नावावर असेल तर तुमचा अर्ज अडकतो. अर्जाची पोच किंवा तिकीट क्रमांक जपून ठेवा, चौकशीला गेलात की खिडकीवर आधी तोच मागतात.