वंशसापेक्ष शिक्षककपात

अमेरिकेतील शालेय मंडळांनी पटसंख्या घटल्यामुळे किंवा निधी आटल्यामुळे शिक्षक कमी करताना केवळ सेवाज्येष्ठता न पाहता, अल्पसंख्याक शिक्षकांचे प्रमाण घसरू नये म्हणून वंशाचाही विचार करण्याची पद्धत. अशा कपातीत शिक्षकाचा पगार थांबतो आणि जागा निघाल्यास परत बोलावण्यासाठी त्याचे नाव यादीवर राहते; आपल्याकडील अतिरिक्त शिक्षकांच्या समायोजनाशी तिची गल्लत करू नये.

‘शेवटी आलेला आधी जाईल’ हा नियम शिक्षक संघटनांनी मर्जी आणि वशिल्याला आळा म्हणून जपला. मात्र अनेक शहरांत कृष्णवर्णीय शिक्षकांची भरती उशिरा वाढल्याने ज्येष्ठता यादीच्या तळाशी तेच अधिक असत.

या पद्धतीची सर्वाधिक चर्चा झालेली तरतूद मिशिगन राज्यातील जॅक्सन शहराच्या शालेय मंडळाने शिक्षक संघटनेशी केलेल्या १९७२ च्या सामूहिक करारात आढळते. तेथील शिक्षकांत अल्पसंख्याकांचे प्रमाण १९६९ मध्ये ३.९ टक्के आणि १९७१ मध्ये ८.८ टक्के होते. तरतुदीचे मूळ भेदभावाच्या परिमार्जनात शोधावे की शाळांतील वांशिक तणाव शमवण्याच्या निकडीत, याविषयी मतभेद आहेत. करारापूर्वीच्या पाहणीत उत्तर देणाऱ्या ९६ टक्के शिक्षकांनी निव्वळ ज्येष्ठतेला कौल दिला होता, तर अल्पसंख्याकांची कपात पूर्णपणे गोठवावी, असाही पर्याय पुढे आला होता. हे पाहता तरतुदीला मंडळ आणि संघटना यांच्यातील तडजोड मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तिच्यानुसार ज्येष्ठता कायम राहिली. पण कमी होणाऱ्यांत अल्पसंख्याकांचा टक्का कपातीच्या वेळी सेवेत असलेल्या त्यांच्या टक्क्याहून अधिक असू नये, अशी अट पडली. उदाहरणार्थ, शंभर शिक्षकांत दहा अल्पसंख्याक असून वीस जणांना कमी करायचे असेल, तर त्यांत अल्पसंख्याक दोनच येत, मग ते दहाही जण यादीच्या तळाशी का असेनात.

मंडळाने १९७४ मध्ये ही अट पाळली नाही, तेव्हा संघटनेनेच न्यायालयात धाव घेऊन ती पुढे लागू करून घेतली. परिणामी अधिक ज्येष्ठ असूनही नोकरी गमावलेल्या गोऱ्या शिक्षकांनी मंडळावर दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये याच, वायगंट नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तरतूद रद्द केली. न्यायमूर्ती पॉवेल यांच्या मते समाजातील सर्वसाधारण भेदभाव हे पुरेसे कारण नव्हते, आणि भरतीतील उद्दिष्टांचा भार अनेकांत वाटला जातो, तसा कपातीचा वाटला जात नाही, तो ठरावीक व्यक्तींवरच पडतो. न्यायमूर्ती मार्शल यांनी भिन्नमतात, बहुसंख्य गोरे सभासद असलेल्या संघटनेने ही तरतूद वारंवार मान्य केली, यावर भर दिला.

संघटनांची भूमिका सर्वत्र अशी नव्हती. बॉस्टनमध्ये शाळांच्या वांशिक एकात्मीकरणाच्या खटल्यातून आलेल्या न्यायालयीन आदेशामुळे १९८१ च्या कपातीत कृष्णवर्णीय शिक्षकांचे प्रमाण राखले गेले. तेथे संघटनेने ज्येष्ठतेच्या बाजूने त्याला विरोध केला आणि १९८२ मध्ये अपिलात ती हरली. न्यू जर्सीतील पिस्कॅटावे येथे १९८९ मध्ये एकाच दिवशी रुजू झालेल्या दोन शिक्षिकांपैकी एकीची कपातीसाठी निवड वंश पाहून झाली. हा वाद १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीपूर्वी मिटवण्यात आला.

मिनीॲपोलिसमध्ये मार्च २०२२ च्या संपानंतरच्या करारात, अल्प प्रतिनिधित्व असलेल्या समूहांतील शिक्षकांना ज्येष्ठताधारित कपातीतून वगळण्याची मुभा आली. त्या कलमाची सुरुवातच शालेय जिल्ह्याने, म्हणजे तेथील शाळा चालवणाऱ्या संस्थेने, पूर्वी केलेल्या भेदभावाच्या चालू परिणामांचे परिमार्जन, या हेतूच्या उल्लेखाने होते. १९८६ च्या निकालात जॅक्सनच्या मंडळाकडून नेमका असाच स्वतःच्या भेदभावाचा आधार मागितला गेला होता.