विद्युत-आक्षेप उपचार (ईसीटी)

डोक्यावर लावलेल्या दोन इलेक्ट्रोडांमधून काही सेकंद मोजका वीजप्रवाह सोडून मेंदूत आकडी आणण्याची मानसोपचारातील पद्धत. बोलण्यात हिला ‘शॉक ट्रीटमेंट’ किंवा नुसते ‘शॉक देणे’ म्हणतात. तीव्र नैराश्य, कॅटाटोनिया (रुग्ण ताठर, निश्चल, अबोल होणे), औषधांना दाद न देणारा उन्माद आणि स्किझोफ्रेनियाचे काही प्रकार यांत ती वापरतात. गुण येतो तो आकडीमुळे. वीज हे आकडी आणण्याचे साधन आहे. पहिली चार वर्षे तर हा उपचार विजेशिवायच चालला होता.

इतिहास : विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनोरुग्णालयांत कोंडून ठेवणे, बांधून ठेवणे आणि गुंगीची औषधे देणे यापलीकडे फारसे काही नव्हते. व्हिएन्नाच्या यूलिउस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये मेंदूतील उपदंशाच्या रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण करून ताप आणला आणि नंतर क्विनीन देऊन तो उतरवला. काही रुग्ण खरेच सुधारले. १९२७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. एका आजाराने दुसरा आजार हटवता येतो, ही कल्पना त्यानंतर मानसोपचारात चांगलीच रुजली. मान्फ्रेड साकेल यांची इन्सुलीन देऊन बेशुद्धी आणण्याची पद्धत त्याच वातावरणातली.

बुडापेस्टचे लास्लो मेदुना मेंदूच्या ऊतींचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करत. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत ग्लिया या आधारपेशी जास्त आणि स्किझोफ्रेनियात कमी दिसतात, असे त्यांना वाटले. हे दोन आजार एकमेकांचे वैरी असावेत, असा तर्क त्यांनी त्यावरून बांधला. जानेवारी १९३४ मध्ये कॅटाटोनियाच्या एका रुग्णाला त्यांनी तेलात विरघळवलेल्या कापराचे इंजेक्शन स्नायूत दिले. पाऊण तासाने आकडी आली. तर्क चुकीचा होता : अपस्माराच्या रुग्णांत मनोविकृतीची लक्षणे इतरांपेक्षा कमी नव्हे, जास्तच आढळतात. तरीही कॅटाटोनियाचे काही रुग्ण उठून बसले, बोलू लागले. सिद्धान्त पडला आणि निरीक्षण टिकले, असे वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा झाले आहे. पण इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

कापूर बेभरवशाचा होता. इंजेक्शनची जागा दुखे, मळमळ होई आणि आकडी कधी येईल याचा नेम नसे. मेदुना मग कार्डियाझोल या आकडी आणणाऱ्या दुसऱ्या औषधाकडे वळले. ते शिरेतून दिले की थोड्याच वेळात आकडी येई, पण त्याआधीच्या काही क्षणांत रुग्णाला मरणाची भीती दाटून येई. मात्रा कमी पडली तर आकडी येतच नसे, नुसती ती भीती उरे. पुष्कळ रुग्ण दुसरे इंजेक्शन घ्यायलाच नकार देत.

विजेचा मार्ग रोममध्ये निघाला. ऊगो चेर्लेत्ती अपस्माराच्या अभ्यासासाठी कुत्र्यांना विजेने आकडी आणत. एक इलेक्ट्रोड तोंडात, दुसरा गुदद्वारात असल्यामुळे प्रवाह हृदयातून जाई आणि बरेच कुत्रे मरत. दोष विजेचा नसून वाटेचा आहे, हे त्यांचे सहकारी लुचो बीनी यांनी ओळखले. रोमच्या कत्तलखान्यात डुकरांच्या कानशिलांना विजेचे चिमटे लावून त्यांना बेशुद्ध करत आणि मग कापत. नुसत्या विजेने ती मरत नसत. हे पाहिल्यावर एप्रिल १९३८ मध्ये रेल्वे स्थानकावर भरकटलेल्या अवस्थेत सापडलेल्या एका रुग्णावर पहिला प्रयोग झाला. पहिल्या झटक्याला आकडी आली नाही. विजेचा दाब वाढवल्यावर आली. विजेने शुद्ध तत्क्षणी हरपते, त्यामुळे कार्डियाझोलची भीती उरली नाही. यंत्रही स्वस्त होते. पाच-सात वर्षांत ही पद्धत युरोप, अमेरिका आणि भारतातही पोचली.

पुढचे दशक हाडे मोडण्याचे. भुलीशिवाय आकडी आणली की सर्व स्नायू एकदम आवळतात. पाठीच्या मणक्यांवर दाब येऊन ते चेपत, खांदा निखळे, क्वचित मांडीचे हाड मोडे, दात तुटत, जीभ चावली जाई. अमेरिकेतील ए. ई. बेनेट यांनी १९४० मध्ये क्युरारे वापरून स्नायू सैल केले. पण क्युरारेची उपयोगी मात्रा आणि श्वास बंद पाडणारी मात्रा यांत अंतर फार थोडे आणि असर लांबणारा. १९५० च्या सुमारास आलेले सक्सिनिलकोलीन (भूलतज्ज्ञांचे ‘स्कोलीन’) काही मिनिटांतच उतरते. आजही तेच वापरतात. मात्र शुद्धीवरच्या माणसाचे स्नायू लुळे पाडले तर त्याला श्वासही घेता येत नाही आणि हातही हलवता येत नाही. त्यासाठी आधी भूल. या उपचारात भूल दिली जाते ती मुख्यतः स्नायू लुळे पडल्याची भयंकर जाणीव टाळण्यासाठी.

बदनामी मात्र चुकून झालेली नाही. अनेक देशांच्या मनोरुग्णालयांत एका ओळीत खाटा लावून, संमती न घेता, दंगा करणाऱ्याला वचक बसावा म्हणून शॉक दिले गेले. मॉन्ट्रियलमध्ये यूइन कॅमेरॉन यांनी १९५०–६० च्या दशकांत रुग्णांची जुनी स्मृती पुसून टाकण्याच्या प्रयोगात वारेमाप शॉक वापरले. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाचा मनोविकृतीवरचा उपयोग कळल्यावर गोळीचा पर्याय मिळाला आणि ईसीटीचा वापर घसरला. ब्रिटनमध्ये १९८० च्या आसपास भूल देऊन काही रुग्णांना खरा शॉक आणि काहींना नुसता देखावा, अशा तुलना झाल्या. तीव्र नैराश्यात, विशेषतः भ्रम असलेल्या रुग्णांत, खरा शॉक सरस ठरला. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत बी. एन. गंगाधर आणि सहकाऱ्यांनी ईसीटी व नैराश्यावरील औषध इमिप्रामीन यांची तुलना केली, ती १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली.

कोणाला देतात : ज्याला औषधांचा गुण येईपर्यंतचे तीन-चार आठवडे परवडणारे नाहीत त्याला. अन्नपाणी सोडलेला, जीव देण्याचा सतत प्रयत्न करणारा, दगडासारखा पडून राहिलेला रुग्ण या गटात मोडतो. कॅटाटोनियात आधी लोराझेपाम हे शामक औषध देऊन पाहतात. उतार पडला नाही तर ईसीटीला उशीर करत नाहीत, कारण पडून राहण्याने पायातील शिरांत गुठळ्या होतात आणि पाठीला जखमा पडतात. गरोदरपण हा अडथळा नाही. दिवस भरत आले असतील तर डाव्या कुशीवर कलते झोपवतात. सर्वसाधारण चिंता, व्यसन, व्यक्तिमत्त्वातील दोष यांवर याचा उपयोग नाही.

पद्धत : आधी रक्ततपासणी (विशेषतः पोटॅशियम), ईसीजी, दातांची पाहणी आणि भूलतज्ज्ञांची तपासणी. डोक्यातील दाब वाढलेला असणे, नुकताच झालेला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांत धोका बराच वाढतो. घन आहार सहा ते आठ तास, साधे पाणी दोन तास बंद. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत. ‘सकाळपासून उपाशी आहे’ म्हणून नातेवाइकाने प्रेमाने दिलेला चहा-बिस्कीट हे सत्र रद्द होण्याचे नेहमीचे कारण. भुलीत उलटी होऊन ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. आदल्या रात्री केस शांपूने धुवावेत आणि तेल लावू नये, कारण तेलकट त्वचा वीज अडवते. पिना, कानातले, कवळी काढतात. नखांवरचा रंग पुसतात, नाही तर बोटावरचा ऑक्सिजनमापक चुकीचे आकडे दाखवतो.

खाटेवर घेतल्यावर सलाईनची सुई, ईसीजी, रक्तदाब आणि मेंदूचा आलेख (ईईजी) जोडतात. एका पायावर रक्तदाबाचा पट्टा घट्ट आवळतात, म्हणजे स्कोलीन त्या पावलापर्यंत पोचत नाही आणि आकडी डोळ्यांनी दिसते. मग नाडी फार मंदावू न देणारे ग्लायकोपायरोलेट किंवा अॅट्रोपीन, त्यामागून भुलीसाठी थायोपेंटोन (वजनाच्या किलोमागे सुमारे २ ते ४ मिलिग्रॅम) किंवा प्रोपोफॉल, आणि शुद्ध हरपल्यावर स्कोलीन, किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम. त्वचेखाली स्नायूंची बारीक थरथर चेहऱ्यापासून सुरू होऊन पोटऱ्यांपर्यंत उतरते; ती थांबेपर्यंत बटण दाबायचे नसते. दरम्यान मास्कने ऑक्सिजन देऊन श्वास जोरात चालवतात, त्याने आकडी सहज येते. शेवटी रबरी बाइट ब्लॉक दातांमध्ये बसवतात. स्कोलीन दिले असूनही तो लागतोच, कारण प्रवाह जबड्याच्या स्नायूला थेट उद्दीपित करतो आणि जबडा करकचून मिटतो.

इलेक्ट्रोड दोन्ही कानशिलांवर ठेवतात (द्विपार्श्व), किंवा एक उजव्या कानशिलावर व दुसरा टाळूच्या किंचित उजवीकडे (एकपार्श्व). डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कानाचे बोंड जोडणाऱ्या रेषेच्या मध्यापासून सुमारे ३ सेंमी. वर ही कानशिलावरची जागा. जुनी यंत्रे घरगुती विजेसारखी अखंड लहर सोडत, आताची ०.५ ते २ मिलिसेकंदांचे तुटक स्पंद देतात, प्रवाह ०.८ ते ०.९ अँपिअर. त्यामुळे तीच आकडी बऱ्याच कमी विजेत येते आणि स्मरणावरचा परिणामही घटतो. मात्रा मिलिकुलोम या विद्युतभाराच्या एककात मोजतात. पहिल्या सत्रात थोड्या मात्रेपासून चढत जाऊन आकडी कितीला येते तो उंबरठा शोधतात. पुढे द्विपार्श्वला त्याच्या दीड ते अडीच पट, एकपार्श्वला सुमारे सहा पट. हा फरक दुर्लक्षिला तर एकपार्श्व पद्धतीत आकडी नीट येते, पण रुग्ण सुधारत नाही. ‘एकपार्श्व निरुपयोगी’ हा जुना समज अशाच अपुऱ्या मात्रांमुळे पसरला.

आकडी २० ते ६० सेकंद चालते. प्रथम नाडी मंदावते, मग नाडी आणि रक्तदाब दोन्ही झपाट्याने वाढतात. पाचेक मिनिटांत श्वास परत येतो, पाऊण तासात रुग्ण बोलता होतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, अशी साधारण ६ ते १२ सत्रे.

काय बिघडते : आकडीच न येणे ही नेहमीची अडचण. कारणे बहुधा साधी असतात : जेल नीट न लावणे, भुलीची मात्रा जास्त होणे, रात्री दिलेली लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम ही आकडी दाबणारी शामके, अपस्माराची औषधे. वय वाढते तसा उंबरठा वाढतो, आणि सत्रागणिकही. इलेक्ट्रोड सैल बसला तर त्वचा भाजते. दोन मिनिटांहून लांबलेली आकडी शिरेतून औषध देऊन थांबवावी लागते. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध) चालू असेल तर नंतरचा गोंधळ वाढू शकतो, म्हणून ते कमी किंवा बंद करतात. डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ दिवसभर राहते. मृत्यूचे प्रमाण लाखभर सत्रांमागे सुमारे दोन, म्हणजे जवळजवळ भुलीच्या धोक्याइतकेच.

आपल्याकडे एका गोष्टीवर विशेष लक्ष हवे. स्कोलीनचे विघटन रक्तातील कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) करते, आणि शेतीत फवारायची ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके हेच विकर बंद पाडतात. ‘औषध पिऊन’ वाचलेला शेतकरी हा ईसीटीची सर्वांत जास्त गरज असलेल्यांपैकी एक. त्याला नेहमीच्या मात्रेत स्कोलीन दिले तर मिनिटांचा असर तासांवर जातो आणि श्वास यंत्रावर ठेवावा लागतो. हंगामात रोज फवारणी करणाऱ्याचे विकरही कमी असू शकते. काहींत ते जन्मतःच कमी असते; आर्य वैश्य समाजात हे जास्त आढळते. अशा वेळी विकराची पातळी तपासतात, ती सावरेपर्यंत थांबतात किंवा स्नायू सैल करणारे दुसरे औषध निवडतात.

स्मरणशक्ती : हा या उपचाराचा खरा तोटा, आणि तो झाकून ठेवण्याने डॉक्टरांवरचा विश्वासच जातो. नवीन गोष्टी लक्षात न राहणे काही आठवड्यांत सुधारते. मात्र उपचाराच्या आधीच्या आठवड्यांतल्या, कधी महिन्यांतल्या घटना परत आठवतीलच असे नाही. २००३ मधील एका ब्रिटिश आढाव्यात किमान एक तृतीयांश रुग्णांनी टिकून राहिलेल्या विस्मरणाची तक्रार केल्याचे दिसले. द्विपार्श्व मांडणी, जास्त मात्रा आणि जवळजवळची सत्रे यांत ते वाढते. आठवड्याला तीनऐवजी दोन सत्रे दिली की कमी होते, फक्त गुण थोडा उशिरा येतो. संमती घेताना हे सांगायलाच हवे. बँकेचे पिन, पासवर्ड, देण्याघेण्याचे हिशेब आधी लिहून ठेवायला सांगणे शहाणपणाचे.

कायदा : भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून भारतात भुलीशिवायचा ‘थेट शॉक’ बराच काळ चालू राहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ ने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांशिवाय ईसीटी देण्यास मनाई केली. अठरा वर्षांखालील रुग्णाला द्यायची असल्यास पालकाची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. कलम ९४ नुसार तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर करू शकतो, पण त्यांत ईसीटी बसत नाही. या शेवटच्या तरतुदीवर मानसोपचारतज्ज्ञांचा आक्षेप आहे, आणि तो रास्त वाटतो : अन्नपाणी सोडलेल्या कॅटाटोनियाच्या रुग्णाला नेमक्या त्याच तासांत हा उपचार हवा असतो.

उपचारानंतर : सत्रे संपली की आजार संपला, असा घरच्यांचा समज असतो. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ईसीटीने बरे झालेल्या नैराश्याच्या रुग्णांना पुढे काहीच औषध न दिल्यास सहा महिन्यांत ८४ टक्क्यांचे नैराश्य परतले. नॉर्ट्रिप्टिलीन या नैराश्यावरील औषधावर ६० आणि नॉर्ट्रिप्टिलीन व लिथियम एकत्र देऊन ३९ टक्क्यांचे. म्हणून शेवटच्या सत्रानंतर लगेच गोळ्या सुरू करतात किंवा आधीच्या चालू ठेवतात. त्यावरही आजार उलटत असेल तर सत्रे एकदम न तोडता आठवड्याने, मग पंधरवड्याने, मग महिन्याने एक अशी विरळ करत नेतात, आणि दर वेळी चहा, तेल आणि गोळ्यांची चौकशी पहिल्या दिवसासारखीच करतात.